ब्लॅक पँथर : एका चित्रकथेचे बदलते हात

‘पँथर’ हा शब्द मराठीत प्राणिशास्त्राच्या पुस्तकातून आलेला नाही. १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आदी तरुणांनी दलित पँथर उभी केली आणि तेव्हापासून हा शब्द आपल्या वस्त्यांतल्या भिंतींवर, मोर्च्यांतल्या घोषणांत, घरातल्या बोलण्यात मराठी होऊनच राहिला. माझ्या लहानपणी आमच्या गावात रानातल्या जनावराला बिबट्या म्हणत. पँथर म्हणजे माणूस. त्यामुळे २०१८ साली ‘ब्लॅक पँथर’ हा अमेरिकन चित्रपट आमच्या तालुक्याच्या गावातल्या पोरांपर्यंत पोचला, तेव्हा वर्गातल्या एका मुलाने विचारले, “सर, आपली पँथर यांच्यावरून निघाली, का यांची आपल्यावरून?” प्रश्न भाबडा वाटेल, पण इतिहासाच्या शिक्षकाने टाळावा असा तो नव्हता. या लेखाचे निमित्त तो प्रश्न आहे. मात्र त्याचे उत्तर शोधता शोधता मी ज्या ठिकाणी पोचलो ते आपल्या साहित्यविचाराच्या फार जवळचे आहे, असे मला वाटते.

आधी सनावळी नीट लावून घेऊ. १९६५ च्या आरंभी अलाबामा राज्यातल्या लाऊंड्स परगण्यात दर शंभरातले सुमारे ऐंशी लोक काळे होते आणि मतदारयादीत त्यांच्यापैकी जवळजवळ कुणीही नव्हते. तेथे स्टोकली कारमायकेल आणि त्याच्या साथीदारांनी स्थानिक लोकांना बरोबर घेऊन जो स्वतंत्र पक्ष उभारला, त्याचे निवडणूक-चिन्ह काळा पँथर हे होते. ज्याला अक्षर वाचता येत नाही त्यालाही आपला पक्ष ओळखता यावा, यासाठी चिन्ह. हत्तीवर शिक्का मारत आलेल्या आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला हे वेगळे समजावून सांगावे लागले नसते. ऑक्टोबर १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरी ह्युई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पार्टी स्थापन केली ती हे लाऊंड्सचे चिन्ह घेऊन. आणि या दोहोंच्या मध्ये, जुलै १९६६ असा महिना छापलेल्या ‘फँटास्टिक फोर’ या चित्रकथा-मासिकाच्या ५२ व्या अंकात स्टॅन ली आणि जॅक किर्बी यांनी वाकांडा नावाच्या कल्पित आफ्रिकी देशाचा राजा टचाला, म्हणजेच ‘ब्लॅक पँथर’, हे पात्र आणले. चित्रकथेने पक्षाचे नाव उचलले किंवा पक्षाने चित्रकथेचे, याला पुरावा नाही. उलट पुढे घडले ते असे, की १९७२ च्या फेब्रुवारीच्या अंकात कंपनीने आपल्या या राजाच्या तोंडून ‘यापुढे मी ब्लॅक लेपर्ड’ असे वदवून घेतले. पक्षाच्या राजकारणाशी आपले नाव जोडले जाऊ नये, ही त्यामागची भीती लपत नाही. ते नवे नाव काही टिकले नाही. पण ज्या वर्षी न्यूयॉर्कमधली एक धनाढ्य कंपनी ‘पँथर’ या शब्दाला बिचकत होती, त्याच वर्षी मुंबईतली झोपडपट्टीतली आणि चाळीतली पोरे तोच शब्द छातीशी धरत होती, ही गोष्ट मला विलक्षण वाटते.

त्या मुलाला मी एवढे सांगितले. त्याचे समाधान झाले. माझे झाले नाही. कारण तोपर्यंत दोन वर्षे मी ही चित्रकथा वाचत होतो, आणि नाव कुठून आले यापेक्षा ती गोष्ट कुणाच्या हातून कुणाच्या हातात गेली, हा प्रश्न मला अधिक सतावत होता.

अमेरिकेतल्या अशा चित्रकथांचा धंदा आपल्या वाचकांना ठाऊक असण्याचे कारण नाही. पात्र कंपनीचे असते. लेखक, पेन्सिलीने चित्र काढणारा, त्यावर शाई चढवणारा, रंग भरणारा, फुग्यांतली अक्षरे लिहिणारा अशी एक टोळी काही अंकांसाठी कामावर घेतली जाते. त्यांना पानामागे मजुरी मिळते. विक्री घसरली किंवा वरच्यांच्या मनात आले की टोळी बदलते. गोष्ट मात्र तीच पुढे चालू असल्याचे वाचकाला भासवायचे असते. माझ्या आई-वडिलांनी बारा-चौदा हंगाम ऊस तोडला. फड कुणाचा, कोयता कुणाचा आणि ऊस कुणाच्या नावावर तोलला जातो, हे ज्याने पाहिले आहे त्याला या धंद्याची रचना कळायला वेळ लागत नाही. ज्या जॅक किर्बीच्या पेन्सिलीतून टचाला प्रथम कागदावर उतरला, त्या किर्बीलाही स्वतः काढलेली मूळ चित्रे परत मिळावीत म्हणून १९८० च्या दशकात याच मार्व्हल कंपनीशी वर्षानुवर्षे झगडावे लागले. पुढे २००९ मध्ये ती कंपनीच डिस्नेने विकत घेतली.

पहिली सात वर्षे टचाला दुसऱ्यांच्या गोष्टींतला पाहुणा होता. रॉय थॉमस या लेखकाने त्याला ‘अ‍ॅव्हेंजर्स’ या नायकांच्या टोळक्यात घेतले आणि १९७० च्या सुमारास हार्लेममधल्या एका शाळेत ‘ल्यूक चार्ल्स’ या खोट्या नावाने शिक्षकही केले. राजाने मास्तर व्हावे आणि तेही नाव लपवून, हा तपशील कुणाला गमतीचा वाटेल. नाव बदलून, आडनाव पुसून नोकरी करणारे मास्तर आपण आपल्यातच पाहिले आहेत.

त्याला स्वतःची सलग गोष्ट मिळाली ती १९७३ मध्ये, आणि ज्या मासिकात मिळाली त्याचे नाव होते ‘जंगल अ‍ॅक्शन’. त्यात १९५० च्या दशकातल्या जुन्या जंगलकथा पुन्हा छापल्या जात. जंगल आफ्रिकेचे, पण त्यातला नायक गोरा, नायिका गोरी, आणि काळी माणसे भाले घेऊन उभी राहायला किंवा वाचवली जायला. हा साचा आपल्यालाही परका नाही. ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधून १९६० च्या दशकापासून ‘फँटम’ आला तो मराठीतही वाचला गेला. गुहेत कवटीच्या आसनावर बसलेला गोरा पुरुष, बापामागून मुलगा असे चारशे वर्षे राज्य, आणि भोवती त्याच्या शब्दाबाहेर नसलेले काळे बुटके लोक. रद्दीच्या दुकानातून आणलेले ते फाटके अंक मीही आधाशासारखे वाचले. त्या बुटक्या लोकांपैकी एकालाही स्वतःची गोष्ट का नाही, हे विचारायचे वय तेव्हा नव्हते, आणि वय झाले तेव्हा ते अंक राहिले नव्हते.

मार्व्हल कंपनीत तेव्हा डॉन मॅकग्रेगर नावाचा एक तरुण मुद्रितशोधक होता. ‘जंगल अ‍ॅक्शन’ची प्रुफे तपासताना त्याला या कथांची शिसारी आली आणि १९७० च्या दशकात आपण हे छापतोच कसे, असे त्याने वरिष्ठांना विचारले. अखेर ते मासिक त्याच्याच गळ्यात पडले. अट अशी की गोष्ट वाकांडात घडली पाहिजे. कंपनीच्या ध्यानात बहुधा आले नाही की आफ्रिकेतल्या कधीही गुलाम न झालेल्या देशात गोष्ट घडवायची म्हणजे सगळी पात्रे काळीच असणार. मॅकग्रेगरने ते केले. मग वरून विचारणा सुरू झाली, की यात गोरी माणसे कुठे आहेत? हे त्याने पुढे मुलाखतींतून सांगितले आहे. सप्टेंबर १९७३ च्या ६ व्या अंकापासून १९७५ च्या अखेरीपर्यंत, दोन-दोन महिन्यांच्या अंतराने, ‘पँथर्स रेज’ ही एकच दीर्घ कथा चालली. आरंभीची चित्रे रिच बकलरची. १० व्या अंकापासून बिली ग्रॅहम आला.

ग्रॅहमविषयी थांबून सांगितले पाहिजे, कारण चित्रकथेचा इतिहास लिहिणारेही लेखकाचे नाव ठळक घेतात आणि चित्रकाराचे ओझरते. बिली ग्रॅहम हा काळा चित्रकार. १९७२ मध्ये निघालेल्या ‘ल्यूक केज’ या काळ्या नायकाच्या मासिकावर त्याने आधी काम केले होते. मॅकग्रेगर गोरा. म्हणजे टचालाच्या तोंडी शब्द गोऱ्याचे आणि टचालाचा चेहरा, खांदे, जखमा काळ्या हाताच्या. सहानुभूती आणि स्वानुभव यांचा जो वाद आपण गेली पन्नास वर्षे घालत आलो आहोत, तो येथे एकाच पानावर दोन माणसांत वाटून दिलेला दिसतो. मॅकग्रेगरचे शब्द पुष्कळदा अती होतात. विशेषणांची गर्दी, फुग्यांनी चित्र झाकून टाकलेले. ग्रॅहमची चित्रे मात्र बोलत राहतात. वाकांडातल्या म्हाताऱ्या, पोरे, शेतकरी यांना त्याने एकसारखे चेहरे दिलेले नाहीत. गर्दीतल्या प्रत्येकाचा चेहरा वेगळा काढणे हे काम किती वेळखाऊ असते आणि पानामागे मजुरी घेणाऱ्याला ते किती महागात पडते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या चित्रांची किंमत कळते.

कथेतला विरोधी पुरुष एरिक किलमाँगर हा वाकांडाचाच मुलगा, देशाबाहेर नेलेला आणि परत आलेला. राजा परदेशात नायकगिरी करत फिरत असताना देशात काय झाले, हा त्याचा प्रश्न. आणि त्या प्रश्नासाठी तो राजाला धबधब्यावरून खाली फेकून देतो. २०१८ च्या चित्रपटात ज्यांनी हे पाहिले त्यांनी लक्षात ठेवावे की तो धबधबा आणि तो किलमाँगर १९७३ सालच्या, एका दुर्लक्षित द्वैमासिकातल्या अंकांतून आले आहेत.

पण माझ्या लेखी मॅकग्रेगर-ग्रॅहम यांचे खरे काम त्यानंतरचे. १९७६ च्या जानेवारीपासून त्यांनी टचालाला वाकांडातून काढून अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात आणले. त्याची मैत्रीण मोनिका लिन हिचे घर तेथे. तिची बहीण अँजेला संशयास्पद रीतीने मेलेली. समोर शत्रू म्हणून कुणी राक्षस नाही. समोर कू क्लक्स क्लॅन आहे, पांढऱ्या झग्यातली गावचीच माणसे. आफ्रिकेचा राजा सुपरमार्केटात सामान घ्यायला जातो आणि तेथे त्याच्यावर हल्ला होतो. राजेपणाचा तेथे काडीचा उपयोग नाही. २१ व्या अंकात त्याला जळत्या क्रुसाला बांधलेले आहे.

२२ वा अंक मी विद्यार्थ्यांना इतिहासलेखनाच्या तासाला समजावून सांगतो. त्यात मोनिकाची आई घराण्यातली एक जुनी हकिकत सांगते. यादवी युद्ध संपले आहे, गुलामी कायद्याने गेली आहे, आणि केलेब नावाचा त्यांचा एक पूर्वज स्वतंत्र माणूस म्हणून जगू पाहतो आहे. रात्री घोड्यांवरून बुरखेधारी येतात. आई सांगत असते तसे मोनिका मनात ते चित्र उभे करत जाते, पण तिच्या चित्रात एक बदल आहे : तिच्या केलेबच्या मदतीला पँथर येतो. आईच्या हकिकतीत कुणी येत नाही. एकाच अंकात दोन इतिहास शेजारी शेजारी चालतात, एक घडलेला आणि एक घडायला हवा होता तो, आणि दोन्ही काढणारा हात बिली ग्रॅहमचा.

माझी आजी पाटाच्या पाण्यावरून झालेल्या मारहाणीची हकिकत सांगत असे. तिचा थोरला दीर त्यात कायमचा अधू झाला. हकिकत प्रत्येक वेळी त्याच शब्दांत, त्याच क्रमाने. एक काठीसुद्धा कमी-जास्त नाही. लहानपणी मी मध्येच म्हणत असे, “मग आजी, तेवढ्यात आपली माणसं आली ना?” ती म्हणायची, “कुठली यायला रं? समदी कामावर.” आणि पुढे सांगू लागायची. कागदोपत्री त्या मारहाणीची नोंद मला सापडलेली नाही. आजीच्या त्या कोरड्या उत्तरात जी शिस्त होती ती मला पुढे पुष्कळ इतिहासकारांत सापडली नाही. पण माझ्या त्या बालिश प्रश्नातही काही अर्थ होता, हे मला हा २२ वा अंक वाचल्यावर कळले.

ही क्लॅनची कथा पूर्ण झाली नाही. २३ व्या अंकात दुसऱ्याच मासिकातली एक जुनी कथा छापली गेली आणि नोव्हेंबर १९७६ च्या २४ व्या अंकाबरोबर ‘जंगल अ‍ॅक्शन’ बंद पडले. अँजेला कशी मेली हे वाचकाला कळले नाही. कारण सांगितले गेले ते विक्रीचे. आणि मग लगेच, जानेवारी १९७७ चा महिना घालून, ‘ब्लॅक पँथर’ या नावाचे नवेकोरे मासिक निघाले, अंक १. लेखक, चित्रकार, संपादक एकच : जॅक किर्बी, टचालाचा मूळ चित्रकार, दुसऱ्या कंपनीतून नुकताच परतलेला.

त्या पहिल्या अंकात टचाला राजा सॉलोमनच्या पितळी बेडकाच्या मागे आहे. काळ उलटसुलट करणारे बेडूक, दुर्मिळ वस्तूंचे लोभी संग्राहक, दडलेली नगरे, धावपळ, मारामारी. जॉर्जिया नाही, मोनिका नाही, क्लॅन नाही. मागच्या पानावर क्रुसाला बांधलेला माणूस पुढच्या पानावर बेडूक शोधत हिंडतो आहे. जो वाचक दोन-दोन महिने वाट पाहून पैसे देऊन ती गोष्ट वाचत होता, त्याच्या हातात हे पडले. अशा वाचकाला काय वाटले असेल याची कल्पना करायला मला वेळ लागत नाही. आपल्या कितीतरी नियतकालिकांचे, कितीतरी चौकशी आयोगांचे असेच झाले आहे. ‘पुढील अंकी चालू’ असे छापलेले असते आणि पुढील अंकी दुसराच संपादक असतो.

तरीही किर्बीला एका फटक्यात आरोपी करून मोकळे होणे मला पटत नाही. हा न्यूयॉर्कच्या गरीब ज्यू वस्तीत जन्मलेला, जेकब कुर्ट्झबर्ग या मूळ नावाचा, कष्टाने वर आलेला माणूस. १९६६ मध्ये, अमेरिकेतल्या चित्रकथांत काळा माणूस बहुधा विदूषक किंवा नोकर असताना, त्याने टचालाला यंत्रविद्येत गोऱ्यांच्या पुढे गेलेल्या देशाचा राजा म्हणून उभे केले. आणि १९७७ च्या त्या बेडकांच्या गोष्टीतही एक गोष्ट आहे जी मॅकग्रेगरकडे नाही. त्यात टचाला हसतो. मॅकग्रेगरचा पँथर दर अंकात रक्तबंबाळ होतो; जखमा हीच जणू त्याची ओळख. वर्गात मी या दोन्ही कथा सांगितल्या तेव्हा एक मुलगी म्हणाली, “सर, आपल्या माणसानं नुसतं साहस करायचंच नाही का? दर वेळी मारच खायचा?” १९७८ च्या ‘बलुतं’पासून जी आत्मकथने आली त्यांनी मराठी वाङ्मयाचा पाया हलवला, याविषयी वाद नाही. पण प्रस्थापित वाचकाला आपली जखमच तेवढी वाचायला आवडते, आणि प्रकाशकही जखमच मागतो, हेही आपण अनुभवले आहे. त्या मुलीच्या प्रश्नाला मी अजून पुरते उत्तर देऊ शकलेलो नाही. एवढे मात्र म्हणतो, की हसणारा पँथर हवाच. पण त्यासाठी क्लॅनची गोष्ट अर्ध्यावर टाकून देण्याची गरज नव्हती. मागची गोष्ट पुसण्याचा निर्णय ज्यांच्या कुणाच्या टेबलावर झाला असेल, त्यांना हसऱ्या काळ्या माणसाची आस लागली होती असे मानायला मी तयार नाही.

किर्बीने १२ अंक केले आणि तो गेला. १५ व्या अंकाला, १९७९ मध्ये, हेही मासिक बंद. अर्धवट राहिलेली क्लॅनची कथा १९७९-८० मध्ये ‘मार्व्हल प्रीमियर’ या मासिकाच्या तीन अंकांत दुसऱ्याच लेखक-चित्रकारांनी कशीबशी मिटवली. न मॅकग्रेगर, न ग्रॅहम. खटल्याचा निकाल लागावा आणि फिर्यादीला कुणी बोलावूच नये, असा तो प्रकार. मॅकग्रेगरला पुन्हा टचाला लिहायला मिळाला तो १९८९ मध्ये, आणि तेव्हा त्याने त्याला नेले वर्णद्वेषी राजवटीच्या दक्षिण आफ्रिकेत.

सलग मासिकाचे लेखन काळ्या लेखकाच्या हाती यायला १९९८ साल उजाडले. पात्र जन्मून बत्तीस वर्षे झाली होती. लेखकाचे नाव क्रिस्तोफर प्रीस्ट. त्याने निवेदक केला तो मात्र एव्हरेट रॉस नावाचा गोरा, बडबड्या, भित्रा सरकारी नोकर. गोऱ्या वाचकाला आत यायला एक दार हवे म्हणून केलेली ही युक्ती. सुरुवातीला ती मला खटकली. आपल्या घरात शिरायला त्यांच्यासाठी वेगळे दार कशाला? पुढे वाचताना जाणवले की रॉसला शेवटपर्यंत टचाला कळत नाही, आणि तो कळत नाही यातच गंमत आहे. प्रीस्टने ६२ अंक टिकवले, २००३ पर्यंत. त्याच्या काळातली बरीच चित्रे साल व्हेल्युटोची. आणि त्याने जे केले ते मला आपल्या संपादकांनी शिकण्याजोगे वाटते : त्याने मागच्या कुणालाही पुसले नाही. मॅकग्रेगरचा किलमाँगर त्याच्या कथेत परत आला. इतकेच काय, किर्बीचे ते पितळी बेडूक आणि तो हसरा, उड्या मारणारा पँथरही काळाच्या फटीतून परत आला आणि प्रीस्टच्या गंभीर, घुम्या राजासमोर उभा राहिला. दोन टोळ्यांचे दोन नायक एका पानावर. जुना अंक ज्याने वाचला आहे असा वाचकच लेखक झाला म्हणजे असे होते.

मी स्वतः ही चित्रकथा महिन्यामागून महिना वाचू लागलो तो २०१६ मध्ये, टा-नेहिसी कोट्स याने लेखन आणि ब्रायन स्टेलफ्रीझ याने चित्रे हाती घेतली तेव्हा. दोघेही काळे. तेव्हा मी तासिका तत्त्वावर शिकवत होतो. पगार महिनोन्महिने नाही, आणि संगणकाच्या नोकरीला अमेरिकेत गेलेला वसतिगृहातला एक मित्र आपले वाचून झालेले अंक मला धाडत असे. कोट्सला आदल्याच वर्षी नॅशनल बुक अवॉर्ड मिळालेले. त्याचे नाव मोठे, आणि पहिला अंक अडीच लाखांच्या वर प्रतींनी खपला. एवढ्या वाचकांपुढे त्याने प्रश्न मांडला तो राजाच्या पराक्रमाचा नव्हता. राजा हवाच कशाला, हा होता. जगात सर्वांत पुढारलेला म्हणवणारा देश, आणि त्यात एका घराण्याची सत्ता? राजाच्या रक्षक-स्त्रियांपैकी दोघी, आयो आणि अनेका, बंड करतात, कारण खेड्यातल्या बायकांवर अत्याचार करणाऱ्याला शासन करणे हा राजाच्या कायद्याने गुन्हा ठरतो. लोक उठतात. शेवट राजाच्या विजयाने होत नाही. वेगवेगळ्या भागांतले प्रतिनिधी एकत्र बसून नवी घटना करायला घेतात.

घटनेचे नाव निघाल्यावर आपल्यापैकी कुणाचे कान टवकारणार नाहीत? पण प्रामाणिकपणे सांगायचे तर कोट्सचे हे बारा अंक वाचायला जड आहेत. पात्रे एकमेकांशी बोलत नाहीत, व्याख्याने देतात; मी मास्तर असल्यामुळे मला ते चालून गेले. स्टेलफ्रीझची शांत, मोजकी चित्रे नसती तर पुष्कळांनी दोन अंकांत नाद सोडला असता. तरीही पूर्वीच्या कुणालाही न सुचलेला प्रश्न त्याने विचारला. मॅकग्रेगरचा किलमाँगर राजाला खाली खेचू पाहत होता, पण स्वतः वर बसण्यासाठी. सिंहासनच तपासायला घ्यावे, हे सुचायला ज्याच्या पूर्वजांना कधी कुठल्याच सिंहासनाची सावली मिळाली नव्हती असा लेखक यावा लागला. २०१८ मध्ये सुरू झालेल्या त्याच्या पुढच्या कथेत तर वाकांडाचेच ताऱ्यांवरचे साम्राज्य गुलाम बाळगते, आणि त्या गुलामांच्या स्मृती काढून घेते. त्यांना नावच उरत नाही. ज्यांचा इतिहास पुसला गेला त्यांच्याच नावाने चालणारी सत्तासुद्धा दुसऱ्याचा इतिहास पुसू शकते, हे लिहायला धाडस लागते. आपल्या चळवळीतल्या नेतृत्वाविषयी असे कुणी लिहिले तर आपण ते किती शांतपणे वाचू?

या काळातली आणखी एक नोंद केलीच पाहिजे. २०१६ च्या अखेरीस ‘वर्ल्ड ऑफ वाकांडा’ हे जोडमासिक निघाले. लेखन रॉक्सेन गे आणि योना हार्वी यांचे. दोघीही काळ्या स्त्रिया, आणि गोष्ट आयो-अनेका यांच्या परस्परप्रेमाची. सहा अंकांत बंद. २०१७ मध्ये कोट्स आणि हार्वी यांनी ‘ब्लॅक पँथर अँड द क्रू’ सुरू केले : हार्लेममधला एक म्हातारा काळा कार्यकर्ता पोलिसांच्या कोठडीत मरतो, त्याचा शोध. तेही सहा अंकांत बंद. कारण पुन्हा तेच, खप नाही. पुढच्याच वर्षी चित्रपट आला आणि जगभरातून त्याने १३० कोटी डॉलरच्या वर मिळवले. त्याच वर्षी बंद पडलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वाकांडा’ला चित्रकथांचा मानाचा आयस्नर पुरस्कार मिळाला. कोठडीतल्या मृत्यूची गोष्ट १९७६ मधल्या अँजेलाच्या मृत्यूच्या गोष्टीसारखीच अकाली उरकली गेली. चाळीस वर्षांत लेखकाची कातडी बदलली होती, हिशोबाची वही बदलली नव्हती. बिली ग्रॅहम हे काही पाहायला नव्हता. तो १९९७ मध्येच वारला.

कोट्सचे २०२१ मध्ये संपले. मधला काळ जॉन रिड्लीचा. २०२३ मध्ये नवा अंक १ निघाला, लेखन ईव्ह युइंग हिचे. ही शिकागोची समाजशास्त्रज्ञ, एकेकाळची शाळामास्तरीण. शिकागोतल्या काळ्या वस्त्यांतल्या शाळा सरकारने कशा बंद केल्या, यावर तिचे २०१८ चे पुस्तक आहे. तिच्या गोष्टीत टचाला पदच्युत आहे. राजवाडा नाही, सेना नाही. स्वतःच्याच देशातल्या एका शहरात तो लपून राहतो आणि गल्लीबोळांतले वाकांडा त्याला प्रथमच दिसते. हार्लेमच्या शाळेतला तो खोट्या नावाचा मास्तर मला वाचताना सारखा आठवत होता. युइंगला १० अंक मिळाले. १० वा अंक २०२४ मध्ये आला.